डिटेक्टर, डेड स्टॉक रजिस्टर आणि २८ फेब्रुवारी

प्रश्न विचारणारे सहायक प्राध्यापक महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात नुकतेच रुजू झाले आहेत. पीएचडी परदेशात, जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगाच्या डेटावर. विभागप्रमुखांनी तळमजल्यावरची एक रिकामी खोली दिली आहे आणि तिथे त्यांना आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर) या कण टिपणाऱ्या डिटेक्टरची प्रयोगशाळा उभी करायची आहे. विचारणा दोन गोष्टींची आहे. उपकरणांना पैसा कुणाकडे मागायचा? आणि प्रस्तावात हल्ली समाजासाठी काय करणार असा एक रकाना असतो, तिथे खरंच रक्कम लिहायची की चार गोड वाक्यं लिहून पुढे जायचं?

मी विद्यापीठातच राहून डिटेक्टरचं काम करत आलो, दोन राज्यांत आणि तीन खोल्यांत. तिन्ही खोल्या सुरुवातीला तळमजल्यावरच्या आणि रिकाम्याच होत्या. म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली खरेदी ही तुमची खरी अडचण नाही. पहिली खरेदी होते. उशिरा होते, निम्मी होते, पण नव्या माणसाला एकदा तरी पैसे मिळतात. अडचण पाचव्या वर्षी येते. प्रकल्प संपलेला असतो, जेआरएफ (प्रकल्पावरचा संशोधक विद्यार्थी) प्रबंध देऊन गेलेला असतो, हाय व्होल्टेज मॉड्यूलचा एक चॅनेल मेलेला असतो आणि दुरुस्तीला पाठवायचा खर्च कुठल्या हेडमधून टाकायचा हे कुणालाच माहीत नसतं. एका विद्यापीठात तोंडी परीक्षेला गेलो असताना मला अशीच एक खोली उघडून दाखवली. खोक्यांवर कुरिअरची जुनी लेबलं, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर कंपनीची पारदर्शक फिल्म अजून तशीच, कोपऱ्यात वायूची दोन सिलिंडरं. वायू कधीच संपला होता, सिलिंडरचं भाडं मात्र दर महिन्याला नेमाने जात होतं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, सगळं होतं, एक नग कमी नव्हता. ऑडिटच्या नजरेतून ती आदर्श प्रयोगशाळा होती.

तुमचा दुसरा प्रश्न इथेच पहिल्याला येऊन मिळतो. जी खोली वर्षातून चार वेळा बाहेरच्या माणसांसाठी उघडते ती खोली अशी मरत नाही, असा माझा अनुभव आहे. हे समाजसेवेच्या भावनेतून म्हणत नाही, देखभालीच्या हिशोबातून म्हणतोय. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तीनशे मुलं येणार म्हटल्यावर जानेवारीच्या मध्याला कुणीतरी जाऊन हाय व्होल्टेज चालू करून बघतंच. तेव्हाच कळतं की पावसाळ्यात कनेक्टर गंजलाय.

आता काय कशावर अवलंबून आहे ते आधी कबूल करतो. तुमचं विद्यापीठ केंद्रीय असतं तर उत्तर वेगळं असतं, कारण राज्य विद्यापीठांची खरेदी त्यांच्या स्वतःच्या लेखासंहितेने चालते आणि केंद्राच्या सवलती तिथे आपोआप उतरत नाहीत. विभागात एखादा तंत्रज्ञ आहे का, वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा माणूस अजून सेवेत आहे का, यावरही बरंच ठरतं. तुमचे गाईड किंवा जुने सहकारी भारतातल्या एखाद्या मोठ्या गटात आहेत का, यावर त्याहून जास्त ठरतं. आणि हवामान. हसू नका, त्यावर येतो.

आरपीसीने सुरुवात करू नका, असं मी म्हणेन. तुम्हाला ते आवडणार नाही, कारण तुमचं शिक्षण त्यावर झालंय. आरपीसी म्हणजे दोन मिलिमीटरच्या फटीत वायू, दोन्ही बाजूंमध्ये नऊ-दहा हजार व्होल्ट, आणि तो वायू सतत वाहता. सर्नच्या सीएमएस प्रयोगातल्या मिश्रणात पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त आर-१३४ए असतो, म्हणजे मोटारीच्या एसीत असतो तोच. त्यात साडेचार टक्के आयसोब्युटेन आणि चिमूटभर सल्फर हेक्साफ्लोराइड. आर-१३४ए हवामानबदलाच्या दृष्टीने वाईट वायू आहे, युरोपात त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करत आणताहेत, किंमत चढते आहे. आयसोब्युटेनचं सिलिंडर ठेवायला सुरक्षेची परवानगी, हवेशीर जागा, गळती सांगणारा अलार्म. म्हणजे तुम्ही एक उपकरण विकत घेत नाही, दर महिन्याला बिल पाठवणारी एक व्यवस्था विकत घेता. आणि जुलैत, कोल्हापूर-कोकणाच्या हवेत, खोलीतली आर्द्रता नव्वदच्या घरात गेली की गळती करंट असा चढतो की वाटतं डिटेक्टर फुटला. फुटलेला नसतो, पृष्ठभागावर ओल असते. डिह्युमिडिफायर लागतो, तो चोवीस तास चालावा लागतो, आणि रात्री वीज गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

त्याऐवजी चार सिंटिलेटर पट्ट्या घ्या, म्हणजे कण आरपार गेला की क्षणभर चमकणारं प्लास्टिक. तीस बाय तीस सेंटिमीटर, एक सेंटिमीटर जाड. वायू नाही, दर महिन्याचं बिल नाही. प्रकाश वाचायला फोटोमल्टिप्लायर घेतलात तर हजार-दीड हजार व्होल्ट लागतात, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर घेतलात तर पन्नास-साठ व्होल्टच्या आतच काम होतं. समुद्रसपाटीला म्युऑनचा, म्हणजे वरून सतत पडणाऱ्या वैश्विक किरणांतल्या कणांचा, मारा आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. म्हणजे एका पट्टीतून सेकंदाला पंधरा. हा आकडा पाठ करून ठेवा, तुमचं अर्धं आयुष्य याच आकड्याशी ताळमेळ घालण्यात जाणार आहे.

या चार पट्ट्यांवर एमएस्सीचे किमान तीन प्रकल्प निघतात. कोनानुसार संख्या कशी घटते, म्युऑनचं आयुर्मान २.२ मायक्रोसेकंद येतं का, हवेचा दाब चढला की मोजणी किती उतरते. शिवाय एकावर एक रचलेल्या या पट्ट्यांचा टेलिस्कोप उद्या तुमच्या आरपीसीची कार्यक्षमता मोजायला लागणारच आहे: वर दोन, खाली दोन, मध्ये आरपीसी. म्हणजे पहिली खरेदी वाया जात नाही, पुढच्या खरेदीचा पाया होते. प्रस्तावात हे वाक्य असंच लिहा. समितीत बसलेल्या माणसाला ‘टप्पा एक, टप्पा दोन’ असं दिसलं की बरं वाटतं.

पट्टी गुंडाळायला मात्र स्वतः बसा. आत पांढरा टायवेक (कागदासारखं प्लास्टिकचं कापड), त्यावर काळा कागद, त्यावर काळी टेप. चारही कोपरे म्हणजे चार शत्रू. सगळं झालं की खोलीत अंधार करायचा, व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि मोबाइलचा टॉर्च कडेकडेने फिरवायचा. एखाद्या जागी मोजणी पंधरावरून हजारावर उडी मारते, तिथे सुईच्या टोकाएवढी फट असते. माझी पहिली पट्टी मी अकरा वेळा उघडली. बाराव्या वेळी विभागातल्या शिपायाने माझ्या हातून टेप काढून घेतली आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतात तशी दुमडून लावली. ती पट्टी अजून चालू आहे.

आता पैसा. नव्या शिक्षकासाठी पहिलं दार म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था. २०२३ च्या कायद्याने ते आलं आणि जुनं एसईआरबी हे निधी देणारं मंडळ त्यात विलीन झालं. सुरुवातीच्या काळातल्या शिक्षकांसाठी त्यांची वेगळी योजना आहे, आणि ‘पेअर’ नावाची दुसरी, जिच्यात एक मोठी संस्था केंद्र असते आणि तिच्याभोवती विद्यापीठं जोडलेली असतात. त्या मोठ्या संस्थेने तुम्हाला सोबत घेतलं तर ही दुसरी योजना राज्य विद्यापीठाच्या माणसाला जास्त उपयोगाची. विभागाच्या पातळीवर डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची, फिस्ट योजना आहे. पण फिस्टचा पैसा विभागाला येतो, तुम्हाला नाही. तिथे स्पेक्ट्रोमीटरवाले, एक्स-रेवाले, थिन फिल्मवाले सगळे रांगेत असतात आणि कणभौतिकीचा माणूस एकटा असतो. फिस्टमधून ऑसिलोस्कोप, यूपीएस, एसी, सर्व्हर अशा सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू मागा, त्या मिळतात. अणुऊर्जा विभागाचं (डीएई) बीआरएनएस हे संशोधनाला निधी देणारं मंडळ म्हणजे तिसरं दार. तिथे बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) किंवा तत्सम संस्थेतला एक सहकारी सोबत लागतो, आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा तो सहकारीच जास्त मोलाचा ठरतो.

मोठं उपकरण मात्र एकट्या विद्यापीठाने मागूच नये. आपल्याकडे कणभौतिकीत विद्यापीठांनी जे भरीव काम केलं ते गटात राहूनच. सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरचं, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या थराचं, काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने मिळून केलं. त्याच प्रयोगातल्या प्रीशॉवर या भागाचे सिलिकॉन डिटेक्टर बीएआरसी आणि दिल्ली विद्यापीठाने विकसित केले, बनवले बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने. सर्नच्याच दुसऱ्या प्रयोगातल्या, अ‍ॅलिसच्या फोटॉन मल्टिप्लिसिटी डिटेक्टरमध्ये कोलकात्याच्या व्हीईसीसी या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेबरोबर जम्मू, राजस्थान, पंजाब ही विद्यापीठं होती, आयआयटी मुंबईही होती. या सगळ्यात भांडवली पैसा डीएई आणि डीएसटीकडून गटासाठी आला. विद्यापीठाच्या वाट्याला एक नेमकं काम आलं: तपासणी, जुळणी, गुणवत्ता चाचणी. तुमच्या तळमजल्यावरच्या खोलीला शोभेल असं काम हेच. ‘आम्ही इतके नग तपासून देऊ, त्यासाठी आमच्याकडे चाचणीचं टेबल तयार आहे’ असं सांगता आलं पाहिजे. टेबल आधी, गट नंतर. उलट क्रमाने गेलात तर बैठकांना नुसते पाहुणे म्हणून बसाल.

एक मेख लक्षात ठेवा. गटात आल्यावर सर्नच्या प्रयोगाला दरवर्षी देखभालीचा वाटा द्यावा लागतो, तो पीएचडी झालेल्या लेखकांच्या डोक्यांवर मोजतात. तो कोण भरणार हे पहिल्या दिवशीच लेखी विचारा. सहसा राष्ट्रीय निधीतून भरला जातो. पण ‘सहसा’ या शब्दावर कुलसचिव सही करत नाहीत.

खरेदीच्या नियमांबद्दल थोडं. केंद्राने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी मर्यादा वाढवल्या: कोटेशनशिवाय खरेदी एक लाखावरून दोन लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत दहावरून पंचवीस लाखांपर्यंत. तुमच्या विद्यापीठाला त्या लागू आहेत का, हे वित्त विभागात जाऊन समोरासमोर विचारा, ईमेल नको. आणि अंदाजपत्रकात कर धरायला विसरू नका. सरकारी संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर जो पाच टक्के सवलतीचा जीएसटी होता तो १८ जुलै २०२२ पासून गेला, आता बहुतेक वस्तूंवर अठरा टक्के बसतो. जुन्या प्रस्तावाची फाइल समोर ठेवून नवा लिहिणारे इथेच फसतात. मंजूर रकमेत उपकरण बसतं, कर बसत नाही, आणि मग पट्ट्या चाराच्या तीन होतात. तीन पट्ट्यांचा टेलिस्कोपही चालतो, पण ते आधी ठरवून केलेलं बरं.

माझी स्वतःची सर्वांत महागडी चूक कस्टम्सची. परदेशातून हाय व्होल्टेज मॉड्यूल मागवलं, एका कागदावर संस्थेचं नाव संक्षिप्त होतं आणि दुसऱ्यावर पूर्ण. ते विमानतळाच्या गोदामात चार महिने पडून राहिलं. डेमरेज, म्हणजे गोदामाचा दंड, चढलं ते कुठल्याच हेडमध्ये बसेना. मधल्या काळात ३१ मार्च आला, न खर्चलेला पैसा परत गेला आणि उपयोगिता प्रमाणपत्रात मी ‘उपकरण मार्गस्थ’ असं लिहिलं. लेखापरीक्षकाने पेन्सिलीने विचारलं होतं, ‘कोणत्या मार्गाने?’ तेव्हापासून मी आयातीची वस्तू ऑगस्टच्या आत मागवतो आणि संस्थेचं नाव सगळीकडे एकच, स्वल्पविरामासकट.

इथे एक विषयांतर करतो, कारण तुम्हाला ते ऐकवलं जाणारच आहे. विज्ञान दिनाला व्यासपीठावरून कुणीतरी सांगतं की रामन यांनी अवघ्या दोनशे रुपयांच्या उपकरणांवर नोबेल मिळवलं. टाळ्या पडतात. समोर बसलेला वित्त अधिकारीही टाळ्या वाजवतो आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या प्रस्तावावर लाल रेघ मारतो. त्याला दुसरी गोष्ट सांगा. देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिमालयाच्या उंचीवर फोटोग्राफिक प्लेट्स ठेवून वैश्विक किरणांतल्या कणांचं वस्तुमान मोजलं, १९४१ च्या सुमारास ‘नेचर’मध्ये लेख आले. पद्धत बरोबर होती. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या प्लेट्स मिळाल्या नाहीत, हाती होत्या त्यांतून नेमकं उत्तर निघेना. पुढे सुधारलेल्या प्लेट्स वापरून ब्रिस्टलच्या पॉवेल यांच्या गटाने पायॉन हा कण शोधला आणि १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. स्वस्तात मिळवलेलं एक नोबेल सगळ्यांना पाठ आहे, साहित्याअभावी हुकलेलं हे कुणी सांगत नाही.

आता लोकांसाठी काय करायचं ते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नामागे हा वेळेचा अपव्यय आहे का, ही शंका आहेच. पदोन्नतीच्या फॉर्मात याला फारसं वजन नाही, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. तरीही करा, आणि फुकटात करू नका, पैसे मागा. अमेरिकेत एनएसएफ ही संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था १९९७ पासून प्रत्येक प्रस्तावाला समाजावरचा परिणाम हा दुसरा निकष लावते, आणि क्वार्कनेट हा शाळाशिक्षकांना थेट कणभौतिकीच्या संशोधनाशी जोडणारा कार्यक्रम १९९९ पासून तिथल्या सरकारी पैशावर चालतोय. आपल्याकडेही एसईआरबीच्या काळात प्रकल्पधारकांवर वैज्ञानिक सामाजिक जबाबदारी आली. पण बहुतेक जण तिथे ‘शाळांमध्ये व्याख्याने’ एवढंच लिहितात आणि रक्कम शून्य. शून्य रकमेचं काम शून्यच होतं.

हे काम न झाल्याने, किंवा उशिरा झाल्याने, काय होतं ते आपल्या क्षेत्राने पाहिलंय. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला, म्हणजे न्यूट्रिनो नावाचे कण डोंगराखाली टिपायच्या प्रकल्पाला, जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, सुमारे दीड हजार कोटी. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात पन्नास हजार टनांचा चुंबकित लोखंडी डिटेक्टर बसणार होता आणि त्यात आरपीसीच लागणार होते. त्याआधी निलगिरीतली सिंगाराची जागा हत्तींच्या अधिवासामुळे नाकारली गेली होती. थेनीत विरोध उभा राहिला, प्रकरण न्यायालयात गेलं, मार्च २०१७ मध्ये हरित लवादाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, पुढच्या वर्षी ती पुन्हा मिळाली, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. प्रकल्प अडकला तो अडकलाच. आता यातले सगळे आक्षेप अज्ञानातून आलेले होते असं म्हणणारे आमच्यातही बरेच आहेत, मला ते पटत नाही. पश्चिम घाटात सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, सुरुंग, पाणी, रस्ता, हे प्रश्न रास्तच होते. पण त्यांच्याच शेजारी किरणोत्सर्गाची भीती बसली आणि दोन्ही एकमेकांत मिसळली. ‘हे यंत्र काही सोडत नाही, जे येतं ते फक्त मोजतं’ हे वाक्य गावात पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा फार उशीर झाला होता. लोक तेव्हा भूसंपादनाच्या चष्म्यातून ऐकत होते.

उलट उदाहरण आपल्या घरचंच आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला विज्ञान दिनाच्या सुमारास जाऊन बघा. जुन्नर, आंबेगाव आणि आजूबाजूच्या शाळांची मुलं स्वतःचे प्रयोग मांडतात, गावकरी सहकुटुंब येतात, अँटेनाखाली उभे राहून फोटो काढतात. दुर्बिणीला त्या परिसरात रेडिओचा गोंगाट नको असतो, म्हणजे आसपासच्या माणसांचं सहकार्य लागतंच. गावाला आत बोलावण्याचा थेट वैज्ञानिक फायदा आहे हो. मुंबईत टीआयएफआरचं ‘चाय अँड व्हाय?’ २००९ पासून चालू आहे, रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. तिथे काय शिकावं? जागा, वार आणि वेळ बदलत नाही हे. लोकांना सवय लागावी लागते.

तुमच्या खोलीपुरतं सांगायचं तर सगळा कार्यक्रम त्या चार पट्ट्यांवरच उभा करा, वेगळं मॉडेल करायला घेऊ नका. थर्मोकोलचं सर्न मी तीनदा बनवून घेतलंय, तिन्ही वेळा मुलांनी विचारलं, ‘हे चालतं का?’ आमच्या टेबलावर दोन पट्ट्या एकावर एक, दोन्हींतून एकाच वेळी कण गेला की एक दिवा लागतो आणि टिक वाजते. मी काही सांगत नाही. मुलगी पुढे येते, तिला वरची पट्टी सरकवायला सांगतो. टिकटिक कमी होते. पूर्ण बाजूला केली की जवळपास थांबते. पुन्हा वर आणली की सुरू. चेहऱ्यावर जे उमटतं ते व्याख्यानाने उमटत नाही. मग तळहात आडवा धरायला सांगतो आणि म्हणतो, या हातातून सेकंदाला साधारण एक जातोय. शेकडा ऐंशी मुलं हात मागे घेतात, दहा जण उलटा करून बघतात.

प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांची उत्तरं आधी तयार ठेवा. ‘रात्री पण पडतात का?’ पडतात, जवळजवळ तेवढेच, म्हणजे ते सूर्याकडून येत नसणार; इथून दहा मिनिटं छान बोलता येतं. ‘छत्री धरली तर?’ या प्रश्नाला छत्री धरूनच दाखवा, खोलीत एक ठेवा. ‘यांचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, मग प्रकाशाच्या वेगानेही साडेसहाशे मीटरच्या वर जायला नको, दहा-पंधरा किलोमीटरवरून खाली येतात कसे?’ हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, तो तुम्ही विचारायचा आणि सापेक्षतेपाशी थांबायचं. एकदा शाळेबरोबर आलेल्या स्वयंपाकीण ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘पोटुशा बाईने इथे उभं राहिलेलं चालतं का?’ त्यांची सून बाहेर बसमध्येच बसली होती. मी मशीन बंद केलं, दिवा विझला, आणि म्हटलं, ताई, ते अजूनही पडतायत, फक्त आता आपल्याला दिसत नाहीत. त्या जाऊन सुनेला घेऊन आल्या. थेनीबद्दल मी जे वर लिहिलंय ते मला त्या दिवशी कळलं.

भाषेबद्दल एकच. मराठीत बोला, पण ‘मूलकणशास्त्रीय शोधक’ वगैरे करू नका. म्युऑन, डिटेक्टर, सिग्नल हे शब्द मुलांना चालतात. अडतं ते ‘आपाती’ आणि ‘अभिवाह’ला.

मोठ्या वर्गासाठी डेटा वापरा, त्याला उपकरणच लागत नाही. सर्नचं खुलं डेटा पोर्टल २०१४ पासून आहे, आणि आंतरराष्ट्रीय मास्टरक्लास २००५ पासून, ज्यात बारावीच्या वयाची मुलं खऱ्या टकरींची चित्रं बघून झेड बोसॉन हा कण वेगळा काढतात. संगणक कक्ष, एक दिवस, जेवण. एवढाच खर्च. शाळेला मापक हवंच असेल तर एमआयटीतून आलेला कॉस्मिक वॉच बघा, सुट्या भागांची किंमत शंभर डॉलरच्या आसपास. एक जोडी एमएस्सीच्या मुलांकडून बनवून घ्या, सोल्डरिंगही शिकून होतं.

किती पैसे मागायचे? रक्कम सांगत नाही, कारण ती योजनेप्रमाणे बदलते, पण कशासाठी मागायचे ते सांगतो. शाळांच्या बसचं डिझेल, मुलांचा नाश्ता, एका तंत्रज्ञाचं वर्षातले काही महिने मानधन आणि सुटे भाग. शेवटच्या दोन बाबी लोकांसाठीच्या कार्यक्रमाखाली लिहिल्या की त्या प्रामाणिकपणेच तिथल्या असतात, आणि तोच तंत्रज्ञ उरलेले दिवस तुमच्या प्रयोगाला लागतो. बससाठी मात्र प्रकल्पाकडे जाण्याआधी जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीकडे जा. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत शिक्षण पहिल्यापासून आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या विज्ञान संशोधनालाही त्यातून देणगी देता येते. तरी अनुभव असा की आरपीसीला कुणी देत नाही, आणि चाळीस मुलांच्या बसला आनंदाने देतात. फोटोत बस दिसते.

पहिल्या वर्षाचा क्रम मी असा धरेन: पावसाळ्यात दोन पट्ट्या आणि जुना उधारीचा ऑसिलोस्कोप, दिवाळीपर्यंत टिक वाजली पाहिजे. डिसेंबरात विभागाच्या इतर शिक्षकांना दाखवा, कारण फिस्टच्या बैठकीत हात तेच वर करणार आहेत. फेब्रुवारीत शाळा. मार्चमध्ये काहीही खरेदी करू नका. एप्रिलमध्ये मोठ्या गटाला पत्र लिहा आणि सोबत तुमच्याच टेबलावर काढलेला कार्यक्षमतेचा एक आलेख जोडा, त्रुटीरेषांसकट. आरपीसीचा विचार त्यानंतर, डिह्युमिडिफायर आल्यावर.

काळी टेप मात्र आजच घ्या, दुकानातून स्वतः जाऊन, पाच रुळं. स्टोअरमार्फत मागवलीत तर पारदर्शक येते.